डबल एज रेझरवर आठ महिने: केसतोड गेलं, भोवरा अजून बाकी

पाच पात्यांचं कार्ट्रिज सोडून डबल एज सेफ्टी रेझर (दोन्ही कडांना धार असलेलं एकच सुटं पातं लावायचा), ब्रश आणि साबणाची वडी यांवर आलो त्याला आता आठ महिने झाले. हौस वगैरे काही नव्हती, गळ्यावर सारखं उठणाऱ्या केसतोडाला कंटाळलो होतो. कार्ट्रिजचं पुढचं पातं केस ओढून धरतं आणि मागची पाती तो कातडीच्या पातळीखाली कापतात. जाड, कुरळा केस मग वाढताना बाहेरची वाट चुकतो, आतच वळतो आणि फोड धरतो. पातं एकच असेल तर ही ओढाताण टळेल, एवढाच माझा हिशोब. तो बरोबर निघाला, पण दोन महिने उशिरा. त्या दोन महिन्यांत मी रेझरला शिव्या घातल्या, पात्यांना घातल्या, आणि चूक भलतीकडेच होती.

आधी रेझरचं. पहिल्या दाढीत सात ठिकाणी कापलं. कार्ट्रिजची मान लवचीक असते, कोन तीच सांभाळते आणि आपण नुसतं दाबून ओढत राहतो. इथे मान ताठ. रेझरचं डोकं गालावर सपाट टेकवायचं, दांडा गालापासून सरळ बाहेर. मग दांडा हळूहळू खाली आणायचा, आणि पातं केसाला लागून बारीक करकर ऐकू आली की तिथेच थांबायचं. पातं आणि कातडी यांच्यात तेव्हा साधारण ३० अंशांचा कोन असतो. दाब मुळीच द्यायचा नाही. माझा रेझर ८० ग्रॅमच्या आसपास आहे, तेवढं वजन पुरतं. हे वाचायला सोपं आहे, पण हाताची वर्षांची खोड मोडायला मला तीन आठवडे लागले. दांडा अगदी शेवटच्या टोकाला, तीन बोटांत धरायला लागलो तेव्हा दाब आपोआप कमी झाला.

कापणं थांबलं तरी आग थांबेना. मग मी तेच केलं जे बहुतेक नवखे करतात: वेगवेगळ्या पात्यांचा संच मागवला आणि रोज नवं पातं लावून पाहिलं. शुद्ध वेडेपणा. हात कच्चा, फेस कच्चा, त्यात पातंही रोज वेगळं; कशामुळे काय झालं हे कळणार कसं? शेवटी एकच पातं निवडून महिनाभर तेच वापरायचं ठरवलं आणि मग लक्ष फेसाकडे गेलं.

खरी गोम तिथे होती. डब्यातल्या फोमची सवय असल्यामुळे फेस म्हणजे फुगलेला, पांढराशुभ्र ढीग अशी माझी समजूत. ब्रश जोरजोरात फिरवून मी तसाच ढीग करायचो. दिसायला झकास, पण त्यात हवाच जास्त. दुसऱ्या गालापर्यंत पोचेतो पहिल्या गालावरचा सुकलेला असायचा आणि रेझर कोरड्यावर खरडायचा. चांगला फेस दाट, गुळगुळीत असतो, त्यावर ओल्या रंगासारखी चकाकी असते आणि त्यात डोळ्यांना बुडबुडे दिसत नाहीत. त्यासाठी साबण मी घ्यायचो त्याच्या दुप्पट लागतो. वडीवर ओला ब्रश निदान अर्धा मिनिट फिरवायचा आणि पाणी थेंबाथेंबाने वाढवत जायचं. मी एका सुट्टीच्या दिवशी दाढी न करताच नुसता फेस केला, पाणी घालत घालत तो पार पातळ होईपर्यंत. मधली नेमकी जागा कुठली ते त्या एका दिवसात कळलं. तुमच्याकडचं पाणी जड असेल तर साबण आणखी लागेल, कारण त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाचा साका करून टाकतं. अंघोळीचा साबण इथे चालत नाही, त्याचा फेस टिकत नाही. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं आणि बरेचदा पोटॅशियमचा क्षारही, म्हणून फेस दाट होतो आणि पाणी धरून ठेवतो.

पाणी धरून ठेवणं हेच तर काम आहे. भिजलेला केस कोरड्यापेक्षा कितीतरी सहज कापला जातो, पण त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. आता दाढी अंघोळीनंतरच. फेस जमला त्या आठवड्यात तोच रेझर, तेच पातं, आणि आग नाहीशी!

ब्रशबद्दल थोडक्यात: माझा सिंथेटिक आहे, लवकर सुकतो, वास नाही. डुकराच्या केसांचा आधी भिजवावा लागतो आणि सुरुवातीला टोचतो. बॅजर या प्राण्याच्या केसांचा पाणी भरपूर धरतो, पण वापरलेला नाही.

पात्याचं मात्र एक सांगायलाच हवं. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण, तरी ते बोथट होतं कसं? अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. केस वाकून धारेला तिरका लागला आणि नेमकं तिथे पोलादाची घडण असमान असली, की धारेचा बारीक टवका उडतो. हे वाचल्यापासून पातं पुसणं सोडलं, नुसतं धुऊन झटकतो. पाचव्या दाढीनंतर बदलतो, चालत असलं तरी. हा रेझर म्हणजे जुन्या काळची काटकसर असं कौतुकाने बोललं जातं तेव्हा मला गंमत वाटते. किंग कॅम्प जिलेटला १९०४ मध्ये पेटंट मिळालं ते वापरून फेकायच्या पातळ पात्याच्या रेझरचंच. काटकसर खरी वस्तऱ्याची, चामड्यावर घासला की पुन्हा तयार. वापरलेली पाती मी चीर पाडलेल्या पत्र्याच्या डबीत टाकतो.

आता गळा. दाढीच्या दुसऱ्या दिवशी बोट चारी दिशांनी फिरवून पाहिलं. गालावर केस खाली जातात, पण गळ्याच्या उजव्या बाजूला ते आडवे, कानाकडे. इतकी वर्षं मी तिथे खालून वर ओढत होतो. आता पहिला हात केसांच्या दिशेने, पुन्हा फेस लावून दुसरा आडवा, आणि गळ्यावर उलटा हात कधीच नाही. हात फिरवला तर किंचित खुंट लागतात, चालेल. गेल्या चार महिन्यांत एकदाच केसतोड झालं, तेही घाईत उलटा हात मारला म्हणून. शेवटी तुरटी ओली करून फिरवतो. जिथे चुरचुरते तिथे दाब पडलेला असतो.

तक्रारी आहेतच. वीस मिनिटं लागतात, घाईच्या सकाळी दाढी राहूनच जाते. विमानात केबिनच्या बॅगेत पाती नेता येत नाहीत, तेव्हा प्रवासात नाइलाजाने कार्ट्रिज, पण साबण आणि ब्रश सोबत असतो, आणि चांगल्या फेसावर तेही बरं चालतं. हे आधी कळलं असतं तर पहिल्यांदा ब्रश आणि साबणच घेतला असता, रेझर दोन महिन्यांनी.

डाव्या जबड्याखाली मात्र केसांचा एक भोवरा आहे. तिथे कातडी कानाकडे ताणून तीन दिशांनी जावं लागतं, आणि परवा तिथेच पुन्हा कापलं.