साप चावलेल्या मुलासाठी कोणाचं दार ठोठवायचं: आमदार, मंत्रालय की कोर्ट?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात नव्याने दवाखाना थाटलेल्या बालरोगतज्ज्ञाला पहिल्याच पावसाळ्यात एक गोष्ट कळून चुकते. फुरसं किंवा घोणस चावलेलं मूल त्याच्यापर्यंत येतं तेव्हा मोलाचे तास वाटेत गेलेले असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात लस (म्हणजे सापाच्या विषावरचा उतारा, अँटीव्हेनम) नव्हती, किंवा होती पण द्यायला हात धजला नाही, म्हणून चिठ्ठी देऊन पुढे पाठवलेलं असतं. पुढे म्हणजे आंबा घाट चढून कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय, नाहीतर खाली गोव्यातलं बांबोळीचं. हे खुर्चीत बसून बदलत नाही, नियमच बदलावा लागतो. मग जायचं कोणाकडे? तरुण सहकारी हे वारंवार विचारतात, म्हणून तिन्ही वाटा एकाच मागणीवर घासून पाहतो.

मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्रात मुलाला पुरेल इतकी सर्पदंशाची लस कायम असावी, विषबाधेची लक्षणं दिसत असतील तर पहिला डोस दिल्याशिवाय पुढे धाडू नये आणि प्रत्येक दंशाची नोंद व्हावी. यातली एक बाब डॉक्टर नसलेल्यांना मुद्दाम समजावावी लागते. मूल लहान म्हणून लस कमी लागत नाही. साप माणूस बघून विष कमी सोडत नाही, त्यामुळे तीन वर्षांच्या पोरालाही सुरुवातीला मोठ्या माणसाइतक्याच, आठ-दहा कुप्या लागतात. कपाटात दोन कुप्या असल्या तरी कागदावर ‘साठा उपलब्ध’ दिसतो, आणि त्या दोन कुप्यांनी मूल वाचत नाही.

कोणत्याही दारात जाण्याआधी हे बघा की मागणी कोणाच्या अखत्यारीतली आहे. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत येतो, म्हणून सर्पदंशाचं उत्तर मुंबईत मिळू शकतं. उलट दुचाकीवरच्या चार वर्षांखालील मुलाला हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा हा नियम केंद्राचा आहे आणि तो १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागूही आहे. त्यासाठी आमदाराकडे नवा कायदा मागण्यात अर्थ नाही. मागायची ती अंमलबजावणी.

आमदाराची वाट

आमदार म्हटलं की आपल्याला विधानसभेचाच आठवतो. पण डॉक्टर पदवीधर असतो, आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पदवीधरांचा विधान परिषदेत एक स्वतंत्र प्रतिनिधी असतो. कोकण पदवीधर मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. त्यात नाव यायला फॉर्म १८ भरावा लागतो, आणि डॉक्टर मंडळी तो भरत नाहीत. ही हयगय सोडायला हवी. मतदार म्हणून गेलेल्या माणसाचं ऐकलं जातं.

बहुतेक जण आमदाराकडे जाऊन ‘कायदा करा’ म्हणतात. सरकारबाहेरच्या सदस्याने मांडलेलं अशासकीय विधेयक मंजूर होणं फार दुर्मीळ. संसदेत तर १९७० नंतर असं एकही विधेयक कायदा झालेलं नाही. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं असा प्रश्न, मात्र खरं काम करतो. ‘अमुक तालुक्यातल्या किती केंद्रांत किती कुप्या आहेत, गेल्या वर्षी किती मुलांना डोस न देता पुढे पाठवलं?’ असं विचारलं की उत्तर तयार करायला फाइल जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यापर्यंत खाली येते. पुष्कळदा त्या फाइलच्या प्रवासातच कुप्या पोचतात. मंत्र्याने सभागृहात शब्द दिला तर तो आश्वासन समितीच्या यादीत जातो, नुसता हवेत विरत नाही. प्रश्न पुकारलाच गेला नाही तरी लेखी उत्तर हातात राहतं.

या वाटेचा धोकाही मोठा आहे: सभागृहात मागणी पातळ होते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञाने आमदारांच्या मागे लागून लहान मुलांसाठी मोटारीत सुरक्षा आसन सक्तीचं करणारा कायदा करून घेतला. १ जानेवारी १९७८ पासून तो लागू झाला, आणि असा कायदा करणारं ते तिथलं पहिलं राज्य. पण मंजुरीच्या वेळी एक सूट घुसली: मूल मोठ्या माणसाच्या मांडीवर असेल तर आसन नको. धडकेत मांडीवरचं मूलच आधी चिरडतं हे डॉक्टरांना ठाऊक होतं. ती सूट काढून टाकायला १९८१ उजाडलं. पुढे १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांनी तसे कायदे केले, ही त्याच चिकाटीची कमाई. म्हणून विधेयक मंजूर झाल्यावर हार घालायला जाण्याआधी मसुदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

मंत्रालयाची वाट

आपल्या मागणीतल्या बऱ्याच गोष्टींना नवा कायदा लागतच नाही. शासन निर्णय किंवा अधिसूचना पुरते. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक केली ती आपल्या २०२० च्या साथरोग कायद्याखाली, खाजगी रुग्णालयांसह. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सगळ्या राज्यांना तसं करायला पत्र लिहिलं. मंत्रालयात जाताना ही दोन्ही कागदपत्रं सोबत न्या. शेजारच्या राज्याने केलेलं दाखवलं की ‘तपासून पाहू’ म्हणणं अवघड होतं.

ही वाट सगळ्यांत वेगवान, आणि सगळ्यांत कच्चीही. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ शिवरंजनी संतोष साखरेच्या पेयांवर ‘ओआरएस’ लिहिण्याविरुद्ध वर्षानुवर्षे लढल्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये आधी मनाई केली आणि काही महिन्यांतच सूचनेच्या ओळीसह ते नाव वापरायला पुन्हा मुभा दिली. ती मुभा मागे घ्यायला ऑक्टोबर २०२५ उजाडलं. मध्यंतरी त्यांना तेलंगणा उच्च न्यायालयात याचिकाही करावी लागली. आपल्याकडची गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण तो आदेश एका वर्षापुरताच असतो आणि दरवर्षी नव्याने काढावा लागतो. आदेश मिळवलात तर त्याच्यावर डोळा ठेवायचं कामही तुमचंच.

कोर्टाची वाट

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) कोल्हापुरात बसतं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आहेत. रायगडकरांना अजून मुंबईच. अंतर कमी झालं हे खरं, पण जनहित याचिकेचं ओझं त्याने हलकं होत नाही. सरकारला प्रतिज्ञापत्रावर बोलायला लावणं ही कोर्टाची ताकद, दुसऱ्या कुठल्याच दारात ती नाही. पण मेळघाटातल्या बालमृत्यूंवरच्या याचिका पंधरा वर्षांहून अधिक काळ चालल्या आहेत. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याने तारखांसाठी घाट चढायचा तर त्या दिवशी ओपीडीतल्या मुलांनी कुठे जायचं? बालहक्क आयोगाकडची तक्रार त्यापेक्षा सोपी आहे, पण आयोग शिफारसच करू शकतो.

माझं मत स्पष्ट आहे. खाजगी डॉक्टर असाल तर आधी प्रश्न, मग शासन निर्णय. दिलेला शब्द मोडला तरच कोर्ट, आणि तेव्हा सभागृहातलं लेखी उत्तर हाच याचिकेचा कणा होईल. शासकीय सेवेत असाल तर १९७९ चे वर्तणूक नियम आड येतात. सरकारवर जाहीर टीका किंवा आमदाराकडे परस्पर धाव यामुळे नोकरी अडचणीत येऊ शकते. तुम्ही आकडे अधिकृत मार्गाने वर पाठवा आणि बोलण्याचं काम भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या स्थानिक शाखेतल्या खाजगी सहकाऱ्यांना करू द्या.

वेळेचं गणितही सांगतो. पावसाळी अधिवेशन मुंबईत साधारण जूनअखेर-जुलैत भरतं आणि प्रश्नांची सूचना त्याच्या कितीतरी आधी द्यावी लागते. माहिती अधिकारात उत्तराला ३० दिवस. तेव्हा आंब्याच्या पेट्या बाहेर पडू लागतात त्याच सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये, केंद्रनिहाय साठ्याचा अर्ज टाका. मे महिन्यात मिळालेले आकडे एका पानावर तालुकावार मांडा, कुणा मुलाचं नाव न घालता, आणि ते पान विधानसभेच्या आमदाराकडे व पदवीधरांच्या प्रतिनिधीकडे दोन्हीकडे द्या.