आजोबा चुंगसॉन की नातू गोंगमिन: मंगोल अंमलातला कोणता कोरियन राजा आधी वाचाल?

मध्ययुगीन कोरियातल्या गोर्यो राज्याबद्दल वाचायचं म्हटलं की बहुतेक जण गोंगमिनचं नाव सुचवतात. मंगोलांना झुगारणारा राजा, त्याची मंगोल राणी, तिच्या मृत्यूनं खचलेला नवरा आणि शेवटी शयनगृहात खून. मालिकेला आणखी काय लागतं? माझं मत मात्र त्याच्या आजोबांच्या, चुंगसॉनच्या पारड्यात आहे, निदान पहिल्या वाचनासाठी तरी.

थोडी पार्श्वभूमी. १२३१ पासून मंगोल स्वाऱ्या सुरू झाल्या. दरबार गांगह्वा बेटावर जाऊन बसला आणि १२७० मध्ये राजधानी गेग्यंगला, म्हणजे आजच्या केसाँगला, परतला. १२७४ मध्ये कुबलाई खानानं आपली मुलगी गोर्योच्या युवराजाला दिली. हाच पुढे राजा चुंगन्यॉल. राज्य टिकलं, पण मांडलिक म्हणून. राजपुत्रांनी तरुणपणी दादूला, म्हणजे आजच्या बीजिंगला, खानाच्या पहाऱ्यात चाकरी करायची आणि मंगोल राजकन्येशी लग्न करायचं, असा पायंडा पडला. निम्मे ओलीस, निम्मे सोयरे.

चुंगसॉन १२७५ चा, याच लग्नातून झालेला. म्हणजे कुबलाई त्याचा सख्खा आजोबा, आईकडून. १२९८ मध्ये वडिलांना बाजूला सारून तो गादीवर आला, सुधारणा सुरू केल्या आणि वर्षाच्या आत उतरवलाही गेला. निमित्त घरगुती होतं: त्याचं कोरियन राणीवर प्रेम असल्याची तक्रार मंगोल राणीनं माहेरी केली. पुढचा डाव तर अजबच. वडिलांच्या गटानं या सुनेचं लग्न राजघराण्यातल्याच दुसऱ्या पुरुषाशी लावण्याचा घाट घातला. खानाच्या घरचं जावईपण गेलं की मुलाचा गादीवरचा दावाही लटका पडेल, हा हिशेब. मंगोल अंमल नेमका कसा चालायचा, हे मला या एका भानगडीतून जितकं कळलं तितकं लढायांच्या वर्णनातून कळलं नाही.

दादूत पडून असलेल्या चुंगसॉननं १३०७ मध्ये खानपदाच्या झगड्यात खायशानची बाजू घेतली आणि ती जिंकली. बक्षीस म्हणून शेनयांगची जहागिरी मिळाली आणि १३०८ मध्ये वडील वारल्यावर गोर्योची गादीही. गादी मिळाली तरी हा गृहस्थ घरी राहीना! काही महिन्यांतच तो दादूला परतला आणि तिथून हुकूम धाडून राज्य हाकू लागला. त्याच्या खर्चाचं कापड आणि तांदूळ मायदेशातून जायचं. परत जा असा आग्रह वाढला, तेव्हा १३१३ मध्ये त्यानं राज्यच मुलाला देऊन टाकलं आणि दादूत ग्रंथालय थाटलं. तिथे कोरियन विद्वान ई जे-ह्यॉन आणि चिनी चित्रकार झाओ मेंगफू यांची गाठ पडली. पण खायशाननंतरचा पाठीराखा खानही १३२० मध्ये वारला आणि नव्या खानानं त्याला थेट तिबेटात हद्दपार केलं. सुटका १३२३ मध्ये झाली, मृत्यू १३२५ मध्ये, तोही दादूतच. त्याला गोडवून सांगू नका, १३१० मध्ये त्यानं स्वतःच्या थोरल्या मुलाला ठार करवलं होतं.

गोंगमिनची गोष्ट सरळ आहे, म्हणून सोपी. तोही दादूत वाढला, तिथेच नोगुक राजकन्येशी लग्न केलं, १३५१ मध्ये राजा झाला आणि लगेच मंगोल केशभूषा व पोशाख सोडला. १३५६ मध्ये त्यानं युआन, म्हणजे चीनवरच्या मंगोल राजवटीच्या, सम्राज्ञी गीचा भाऊ गी चॉल याला संपवलं आणि ईशान्येचा सांगसॉंग प्रांत परत घेतला. धाडसी होता यात शंका नाही, पण वेळही अनुकूल होती. दोन वर्षांपूर्वी चीनमधलं बंड मोडायला गेलेल्या कोरियन फौजेनं युआनचा पोकळपणा जवळून पाहिला होता. आजोबांना ही सवड कधीच मिळाली नाही, हे दोघांची तुलना करणारे विसरतात.

गोंगमिनच्या बाबतीत एक सावधगिरी लागते. ‘गोर्योसा’ हा मुख्य इतिहास १४५१ मध्ये, पुढच्या जोसॉन राजवटीनं लिहून पूर्ण केला. गोंगमिनचा वारस हा त्याचा नसून शिन-दोन नावाच्या भिक्खूचा मुलगा, असं तो सांगतो, आणि गोर्यो बुडवणाऱ्यांना ते सोयीचंच होतं. १३६५ मध्ये नोगुक बाळंतपणात गेल्यानंतरची आणि १३७४ मधल्या खुनापर्यंतची वर्षं म्हणूनच जपून वाचावी लागतात.

चित्रकलेची ओढ असेल तर मात्र बिनदिक्कत गोंगमिनपासून सुरुवात करा. तो स्वतः चित्रं काढायचा, आणि केसाँगजवळची त्याची व नोगुकची जोडसमाधी २०१३ पासून जागतिक वारशात आहे. बाकीच्यांनी चुंगसॉन १३१३ पर्यंत वाचावा, मग नातवाकडे वळावं. केशभूषा बदलणं एवढं मोठं का ठरलं, ते तेव्हा वेगळं समजावून सांगावं लागत नाही.