सुती ताण्यावर बाणा कशाचा? लिनन, व्हिस्कोस, लोकर की जास्त पिळाचं कॉटन

घरी टेबल लूम आहे, साधं सुती कापड आता नीट जमतंय आणि पुढचं सूत कुठलं आणायचं हे ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो, ताणा, म्हणजे उभे धागे, साधा 2/20 कॉटनचाच (20 नंबरचे दोन धागे एकत्र पिळलेलं सूत) ठेवा आणि प्रयोग सगळे बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत करा. बाणा फसला तर चार बोटं उसवून दुसरी कांडी लावता येते, ताणा फसला तर मीटरच्या मीटर वाया जातो. शिवाय लिनन जवळजवळ ताणलं जातच नाही आणि कॉटन त्याच्यापेक्षा बरंच ताणलं जातं, त्यामुळे एकाच ताण्यात दोन्ही घेतले की थोडं विणून झाल्यावर एक पट्टा ताठ आणि दुसरा ढिला पडतो आणि मग फणी कितीही मारा, कापड सरळ येत नाही.

लिनन घेताना नंबर बघून फसू नका. कॉटनचा 1 नंबर म्हणजे पाउंडाला 840 यार्ड आणि लिननचा 300 यार्ड, म्हणजे तेवढ्याच लांबीचं 20 नंबरचं लिनन 20 नंबरच्या कॉटनपेक्षा वजनाला जवळजवळ तिप्पट भरतं, म्हणजे बरंच जाड निघतं. बाकी आपल्या गोव्यात लिननइतकं सोयीचं सूत दुसरं नाही असं मला मनापासून वाटतं. कोरड्या हवेत ते कडक होतं आणि तुटतं, कोरड्या मुलखात ते मुद्दाम ओलसर ठेवून विणतात, आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ते काम करते. सुरुवातीला कापड पुठ्ठ्यासारखं वाटेल, पण धूत गेलात की मऊ होत जातं. कुणबी साडीसारखी लाल चौकट विणायची असेल तर लिननच घ्या, चौकटी जागच्या हलत नाहीत. फक्त लाल सूत आधी पाण्यात घालून रंग सुटतो का ते बघा, नाहीतर पांढऱ्या रेघा गुलाबी होतात.

जास्त पिळाच्या कॉटनची गंमत वेगळीच. मागावर अगदी सपाट, साधं कापड दिसतं, काही विशेष नाही. ते काढून कोमट पाण्यात टाकलं की हातातच हलायला लागतं, पीळ उलटा फिरायला बघतो, रुंदी आत येते आणि बघता बघता उभ्या बारीक चुण्या पडतात. सगळा बाणा एकाच दिशेच्या पिळाचा असेल तर या चुण्या, डावा आणि उजवा पीळ आलटून पालटून घातला तर सगळीकडे सारखी क्रेपची खरखर. दोन्ही बघण्यासारखं! पण विणताना जागा मोकळी ठेवा, इंचाला 24 ऐवजी 16 धागे घ्या, दाट विणलंत तर पाण्यात काहीच होणार नाही. आणि रुंदी खूप कमी होते म्हणून स्टोलसाठी ताणा बराच रुंद लावा. चौकटी मात्र यात वेड्यावाकड्या होतात.

व्हिस्कोस म्हणजे लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून केलेलं सूत, बाजारात 'बांबू' म्हणून मिळतं तेही बहुतेकदा हेच. चमक छान, अंगावर पडतंही छान. पण ओलं झालं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, कॉटनची उलट वाढते. म्हणून रोज धुवायच्या कपड्याला नको, सणावारी वापरायच्या ओढणीला चालेल.

लोकर पट्ट्यांसाठी घ्या, चार बोटं लोकर, चार बोटं कॉटन. गरम पाणी आणि साबणात चोळलं की लोकर आवळते, कॉटन आवळत नाही आणि मधल्या सुती पट्ट्यांना झालर पडते. लेबलवर सुपरवॉश (धुतल्यावर आवळू नये म्हणून प्रक्रिया केलेली लोकर) असेल तर हे होणार नाही. गोव्यात अंगावर घ्यायला लोकर कोण वापरणार, म्हणून भिंतीवर लावायच्या कामालाच मी ती सुचवेन, तीही कसर लागणार नाही अशी जपून.

तर रोजच्या वापरासाठी लिनन, आणि सूत काय करतं ते बघायचंच असेल तर जास्त पिळाचं कॉटन. दोन्हीची एकेकच लडी आणा. वीतभर नमुना विणा, धुण्याआधी त्याची रुंदी मोजून कागदावर लिहा, धुवून वाळल्यावर परत मोजा आणि मगच मोठा ताणा भरा. पावसात ताण्याला पेजेची खळ देणार असाल तर विणायला उशीर करू नका, दमट हवेत खळीवर बुरशी धरते आणि तो डाग नंतर निघत नाही.