मांजराला सर्दी, महिनाअखेर आणि तीन रस्ते: घरी, जवळच्या क्लिनिकात की परळला?

आमच्या धाकट्या मांजरीने, खारीने, सुकट नाकारली तेव्हा मला कळलं की हे नेहमीचं शिंकणं नाहीये. ही बाई अशी की गॅसवर तवा ठेवून मूठभर सुकट टाकली की आतल्या खोलीतून झोपेतून उठून येते आणि ओट्याखाली घिरट्या घालते, आणि त्या दिवशी अक्षरशः उचलून तव्याजवळ आणली तरी नाक शेंबडाने बंद, उजवा डोळा अर्धा मिटलेला, मान फिरवली आणि परत सोफ्याखाली. तारीख 26, अकाउंटला साडेतीन हजार, पगार 1 तारखेला. आम्ही ऐरोलीत राहतो, म्हणजे ठाणे एका बाजूला, नवी मुंबई आजूबाजूला आणि मुंबई पुलापलीकडे, त्यामुळे पर्याय भरपूर आणि गोंधळही भरपूर. त्यानंतर बिल्डिंगमधल्या आणि ऑफिसातल्या तीन-चार जणांनी हेच विचारलं की कुठे नेऊ, किती खर्च येईल, घरी बरं होईल का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, दोन मांजरं आणि दोन आजारपणं एवढाच माझा अनुभव, आणि त्यातलं एक आजारपण मी चांगलंच बिघडवून ठेवलं होतं, तेही सांगते.

आधी हे काय असतं ते. मांजराची सर्दी म्हणजे बहुतेक वेळा दोनपैकी एक व्हायरस, हर्पिस नाहीतर कॅलिसी. हर्पिस डोळ्यांवर जातो, कॅलिसीने जिभेवर फोड येतात, म्हणजे मांजर भुकेलं असतं, वाटीपाशी जातं, एक घास घेतं आणि वाटी सोडून पळतं. साधी केस सात ते दहा दिवसांत उतरते, काहींना दोन-तीन आठवडे लागतात. हर्पिस एकदा झाला की शरीरात कायमचा मुक्काम करतो आणि मांजराला टेन्शन आलं की पुन्हा डोकं वर काढतो. आमच्याकडे सोसायटीच्या वॉटरप्रूफिंगचं ड्रिलिंग पंधरा दिवस चाललं होतं, त्यात आमचा थोरला बगळ्या आधी शिंकायला लागला आणि मागोमाग खारी पडली. खारीची लस मी 'पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात' करत राहिले होते.

आता तीन रस्ते. पहिला, घरीच बघायचं. हा फुकट आहे पण सगळ्यांसाठी नाही. मांजर शिंकतंय, नाकातून पाण्यासारखं येतंय, पण खातंय, दोन्ही डोळे सताड उघडे आहेत आणि श्वास शांत आहे, तर खुशाल दोन-तीन दिवस घरी थांबा. श्वास झोपेत मोजायचा, मोबाईलवर एक मिनिट लावून पोटाची हालचाल, तीसच्या आत असेल तर ठीक. चाळिसाच्या पुढे गेला, किंवा मांजर तोंड उघडून धापा टाकतंय, हिरड्या पांढऱ्या-निळ्या दिसतायत, तर पुढचं काही वाचू नका, जे उघडं असेल त्या दवाखान्यात न्या, बजेट नंतर. आणि मोठ्या मांजराने 24 तास काहीच खाल्लं नाही तर घरचा रस्ता संपला असं समजा, पिल्लू असेल तर अर्ध्या दिवसातच. मांजराचं पोट दोन-तीन दिवस रिकामं राहिलं की अंगातली चरबी लिव्हरवर चढते, आणि मग सर्दी राहते बाजूला आणि लिव्हरचं बिल सुरू होतं जे पाच आकडी जाऊ शकतं.

दुसरा रस्ता जवळचं प्रायव्हेट क्लिनिक, आणि तिसरा परळ. परळ म्हणजे आपलं बैलघोडा हॉस्पिटल, कागदोपत्री बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, त्याच आवारात 1886 सालचं व्हेटर्नरी कॉलेज. ठाण्यात घोडबंदर रोडला ठाणे एसपीसीए, म्हणजे प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचं हॉस्पिटल, आहे, आणि अलीकडे 2024 मध्ये महालक्ष्मीला टाटांचं छोट्या प्राण्यांचं हॉस्पिटल सुरू झालंय, पण ते मोठ्या केससाठी, साध्या सर्दीला तिकडे जायची गरज नाही.

लोकांना वाटतं ट्रस्टचं हॉस्पिटल म्हणजे स्वस्त, मलाही वाटायचं. बगळ्याला 2023 मध्ये परळला नेलं तेव्हा केस पेपर आणि औषधं मिळून 400 च्या आत झालं, डॉक्टरही चांगले होते, रोज इतकी जनावरं बघतात की हात बसलेला असतो. पण ऐरोलीहून कॅब, जाताना 650 आणि येताना 650, वर अर्धा दिवस रजा, आणि डोळा असल्यामुळे तीन फेऱ्या. करा हिशोब, चार हजारांवर गेलं. लोकलने ठाणे आणि तिथून परळ असं एकदा दुपारी केलं, पण टोपलीतलं मांजर ठाण्याच्या जिन्यात जे ओरडलं ते प्लॅटफॉर्म एकपर्यंत गेलं असेल, आणि टेन्शनने हर्पिस वाढतो हे आत्ताच सांगितलं. शिवाय रांगेत शेजारी कुठलं मांजर काय घेऊन बसलंय माहीत नसतं, लस नसलेलं पिल्लू तिथे दोन तास ठेवायला माझा धीर होत नाही. न्यायचंच असेल तर टोपलीवर पंचा टाका आणि जमिनीवर ठेवू नका, मांडीवर घ्या.

म्हणून माझं सरळ मत, घरचं मांजर आणि एक-दोन फेऱ्यांचं काम असेल तर चालत किंवा रिक्षाने जाता येईल असं क्लिनिकच स्वस्त पडतं. अॅडमिट करायची वेळ आली, ऑपरेशन आहे, किंवा भटकं मांजर आहे ज्याला घरी ठेवायला जागाच नाही, तर एसपीसीए किंवा परळ. आणि तुम्ही दादर-भायखळ्याला राहत असाल तर हा सगळा हिशोब उलटा होईल.

क्लिनिकात गेल्यावर पैसे कुठे जातात ते बघा, कारण खरा फरक तिथेच पडतो. खारीला आधी एका ठिकाणी नेलं होतं, नाव घेत नाही, तिथे तपासायच्या आधीच रक्ताचं पॅनेल, व्हायरसची पीसीआर, पाच दिवस रोज इंजेक्शन असा साडेसहा हजारांचा कागद हातात आला. मी 'घरी विचारून सांगते' म्हटलं आणि निघाले. दुसऱ्या मॅडमना दारातच सांगितलं की डॉक्टर, माझ्याकडे आज दोन हजार आहेत, त्यात सगळ्यात गरजेचं काय ते करूया. लाजायचं काहीच नाही त्यात, उलट त्यांनी लगेच क्रम लावून दिला. ताप, वजन, तोंड उघडून जीभ, छातीला स्टेथो, आणि डोळ्याला रंग. ही रंगाची टेस्ट मला फार आवडली, एक केशरी कागदाची पट्टी ओली करून डोळ्याला टेकवली, लाईट बंद, निळा टॉर्च, आणि बुबुळावर ओरखडा असेल तर तेवढीच जागा पोपटी चमकते. खारीला एक बारीक रेघ चमकली, आणि ड्रॉप्स कुठले द्यायचे हे तिथेच ठरलं. दोनशे रुपयांची टेस्ट. पीसीआरला त्यांनीच नको म्हटलं, कारण धडधाकट मांजरांतही हा व्हायरस सापडतो आणि रिपोर्ट काहीही आला तरी पहिल्या आठवड्याची ट्रीटमेंट बदलत नाही.

अँटिबायोटिकचं पण तसंच. व्हायरसवर ते चालत नाही, वरून बॅक्टेरिया चढले तरच उपयोग. जगभरच्या व्हेट लोकांच्या एका गटाने 2017 मध्ये यावर गाईडलाईन काढलीय, मांजर खातंय-पितंय, ताप नाही, तर दहा दिवसांपर्यंत नुसतं लक्ष ठेवा, आणि ताप आहे, मलूल आहे, खाणं बंद आहे, शेंबूड घट्ट पिवळा-हिरवा आहे तर डॉक्सीसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक. खारी दुसऱ्या गटात होती म्हणून तिला मिळालं. रोजचं इंजेक्शन की तोंडाने औषध यात तोंडाने घ्या, जमत असेल तर, कारण प्रत्येक इंजेक्शनची फी वेगळी आणि क्लिनिकची फेरी वेगळी. फक्त डॉक्सीची गोळी कोरडी गिळवू नका, ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकून जखम करते, मागोमाग सिरिंजने पाच-सहा एमएल पाणी किंवा थोडं खाणं गेलंच पाहिजे. पातळ औषध मिळालं तर उत्तम. आणि हर्पिसवर म्हणून विकतात त्या लायसिन सप्लिमेंटच्या ट्यूबवर पैसे घालू नका, 2015 मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले तेव्हा त्याचा फायदा काही दिसला नाही, दुकानात मात्र अजून विकतात.

आता बगळ्याचं. 2023 च्या पावसाळ्यात सगळीकडे डोळ्यांची साथ होती आठवतंय ना, नवऱ्याचेही डोळे आले होते, त्याचे ड्रॉप्स फ्रिजमध्ये उरलेले. बगळ्याचा डोळा लाल झाला, मी म्हटलं डोळा तो डोळा, घातले चार दिवस. त्यात स्टेरॉईड होतं. बुबुळावर जखम असताना स्टेरॉईड म्हणजे जखम खोल जाणार, तशी गेली, आणि आज त्याच्या डाव्या डोळ्यावर दुधी डाग आहे जो जाणार नाही. सहाशे रुपये फी वाचवायला गेले होते. म्हणून घरचा रस्ता आणि क्लिनिकचा रस्ता यात मी एकच गोष्ट पक्की धरते, एक डोळा जरी बारीक केला तरी त्याच दिवशी क्लिनिक.

घरच्या सेवेत मात्र कंजुषी करू नका, म्हणजे वेळेची, पैसे फार लागतच नाहीत. मांजर वासावर खातं, नाक बंद तर जेवण बंद. नेब्युलायझर की बाथरूमची वाफ? बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडून दार लावून दहा-पंधरा मिनिटं मांडीवर घेऊन बसायचं, हे फुकट आहे पण दोघंही घामाने भिजता. नेब्युलायझर नवा हजार-दीड हजाराचा, त्यात फक्त नॉर्मल सलाईन, मांजर टोपलीत, टोपलीवर चादर, नळी आत. मला शेजारच्या वहिनींनी त्यांच्या मुलाचा दिला, मास्क काढून आणि नंतर कप-नळी उकळत्या पाण्याने धुवून परत केला. माझ्या मते मशीन उसनं मिळालं तर मशीन, विकत घ्यायचं असेल तर आधी बाथरूम. सासूबाईंनी कापूर-ओव्याची पुरचुंडी आणली होती, वर वाफेत निलगिरी टाकूया म्हणाल्या, त्यांच्या हातातून मी ते सगळं काढून घेतलं कारण कापूर, निलगिरी, छातीला चोळायचे बाम, हे मांजराला विष आहे. धूप आणि मच्छरची कॉईल पण त्या खोलीत बंद. आणि क्रोसिन नाही, अर्धी नाही, पाव नाही, पॅरासिटामॉल पचवायची यंत्रणा मांजराच्या लिव्हरमध्ये जवळजवळ नसतेच, एका गोळीत जीव जाऊ शकतो.

वाफ झाली, कोमट सलाईनच्या कापसाने नाक-डोळे पुसले, की लगेच जेवण, ती दहा मिनिटं सोन्याची. आजारी मांजरांच्या तयार खाण्याचे, रिकव्हरीचे डबे चांगले असतात पण रोज एक म्हटलं तर महिनाअखेरीला झेपत नाही. मी बोनलेस चिकन मीठ-मसाला-कांदा-लसूण काही न घालता उकडून त्याच पाण्यात मिक्सरला बारीक केलं, साडेतीन किलोच्या मांजराला दिवसाला 180 कॅलरी लागतात म्हणजे साधारण 110-120 ग्रॅम उकडलेलं चिकन, दोन वेळचं मिळून. नुसतं चिकन महिनाभर चालणार नाही पण आठवडा निघतो. कोमट करायचं, आणि वर भाजलेल्या सुकटीची चिमूटभर पूड, सुकट आधी धुवून वाळवून कारण मीठ फार असतं. सिरिंजने देताना तोंडाच्या कडेने, अर्धा-एक एमएल, गिळलं की पुढचं, घशात सरळ पिचकारी मारली तर अन्न फुफ्फुसात जातं. दोन वेळा प्रयत्न करून थुंकत असेल तर जबरदस्ती थांबवा आणि डॉक्टरांना भुकेच्या गोळीबद्दल विचारा, मिर्टाझापिन म्हणून माणसांचीच गोळी असते, तिचा अगदी छोटा तुकडा देतात, किती ते त्यांनीच सांगायचं.

खारीचं बिल: फी 600, डोळ्याची टेस्ट 200, त्वचेखाली सलाईन 250, औषधं 180, चौथ्या दिवशी दाखवलं त्याचे 300, चिकन आठवडाभराचं 250, सलाईनच्या बाटल्या आणि सिरिंज 90. एकूण 1870. पहिल्या ठिकाणच्या कागदाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि बगळ्याच्या 'स्वस्त' परळच्या निम्म्याहून कमी.

दुसरं मांजर घरात असेल तर भांडी वेगळी आणि खोली वेगळी. हर्पिस बाहेर दिवसभरात मरतो पण कॅलिसी महिनाभर भांड्यावर टिकू शकतो, नुसत्या सॅनिटायझरवर भरवसा नको, एक भाग ब्लीचला 32 भाग पाणी, दहा मिनिटं भिजवून स्वच्छ धुवायचं.

पाचव्या दिवशी सकाळी मी मासे साफ करत होते, मांदेली, आणि पायाला काहीतरी लागलं. खाली बघते तर खारी, नाक अजून वाहतंय, एक शिंक माझ्या पायावर, आणि नजर मांदेलीवर. लस तिला त्यानंतर महिन्याभराने दिली, हजाराच्या आसपास गेले.