क्लच प्लेटांच्या नावाखाली ६,८५० रुपये उकळले

तीनशेच्या आतलं काम होतं. गॅरेजवाल्याने माझ्याकडून ६,८५० रुपये घेतले. पावसाळ्यात जुन्या गाड्यांचे क्लच कुरकुरायला लागतात आणि असले कारागीर त्याचीच वाट बघत असतात, म्हणून लिहितोय.

गाडी २००८ची स्प्लेंडर प्लस. सिग्नलला न्यूट्रल पडेना, पहिला गिअर टाकला की धाडकन आवाज, क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकायची. मुंबईत एलबीएस रोडला लागून एक गॅरेज आहे. त्याने लिव्हर दोनदा दाबली आणि निकाल दिला, "काका, प्लेटा जळल्यात. गिअरचा फोर्कपण गेलाय." (फोर्क म्हणजे इंजिनाच्या आत गिअर सरकवणारा काटा.) सकाळी गाडी ठेवली, संध्याकाळी तयार.

न्यायला गेलो तेव्हा वर्तमानपत्रावर मांडलेल्या काळ्याठिक्कर प्लेटा दाखवल्या. इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. त्या प्लेटा कोरड्या होत्या! स्प्लेंडरचा क्लच इंजिन ऑइलमध्येच फिरतो. आत्ता काढलेली प्लेट कागदावर ठेवली तर डाग पडणारच. तो कागद इतका कोरा की मी त्यावरची क्रिकेटची बातमी वाचली. बातमी वाचली आणि मुकाट्याने पैसे दिले. रोज आठवतं आणि रोज संताप येतो.

आता म्हणाल, शिकलेला माणूस कसा फसला. अहो, बाहेर पाऊस कोसळतोय, गाडी त्याच्या ताब्यात, दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला अंधेरीचं सीप्झ गाठायचंय. त्यात गॅरेजवाला चिपळूणचा, आमच्याच पट्ट्यातला. अशा वेळी कोण प्लेटा हुंगत बसतो?

हिशेब असा: प्लेटा आणि प्रेशर प्लेट २,६४०, गिअर फोर्क १,९५०, ऑइल ४८०, मजुरी १,७८०. बिल मागितलं तर "बिलावर जीएसटी लागेल काका". या वाक्यानंतर एक रुपया देऊ नका.

आठवडाही झाला नाही आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला पवईच्या चढावर इंजिन नुसतं किंचाळायला लागलं, गाडी रांगतेय, मागे बेस्टची बस हॉर्न मारतेय. न्यूट्रलचं दुखणं होतं तसंच, वर हे नवीन.

कुर्ल्याच्या मेकॅनिकने आधी क्लच वायर बघितली. लिव्हरजवळच्या तारा तुटत आलेल्या, वायर ताणून लांबलेली. लिव्हर दाबली तरी प्लेटा पूर्ण सुटत नव्हत्या, म्हणून गिअर अडत होता. वायर १८०, मजुरी १००. प्लेटा जळल्या की क्लच घसरतो, इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. माझी तक्रार नेमकी उलट होती! ते घसरणं सुरू झालं त्या पहिल्या चोराने कारचं ऑइल ओतल्यावर. त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. बाइकच्या ऑइलच्या डब्यावर 'जेएएसओ एमए' (ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघा आणि डबा डोळ्यांसमोर फोडायला लावा. फोर्कचं तर सोडाच. तो बदलायला इंजिन उतरवून दोन भागांत उघडावं लागतं. माझ्या इंजिनाच्या सांध्यावर जुना चिखल जसाच्या तसा.

चौकीत गेलो. हवालदार म्हणतात, "गाडी चालू आहे ना? मग फसवणूक कसली?" प्लेटांचं सांगितलं तर म्हणे ही दिवाणी बाब. ४२० कलमाच्या जागी भारतीय न्याय संहितेत ३१८ आलं, पण तक्रारदाराला बाकावर बसवून ठेवायची पद्धत तीच. अखेर एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा कागद हातात दिला, त्यात माझ्या गाडीचा नंबरही चुकवला. दुरुस्त करा म्हटलं तर "उद्या या, साहेब नाहीत". दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर बाईंनी विचारलं, बिल आहे का, दुकानाचं नोंदणीकृत नाव काय? यूपीआयच्या पावतीवर नाव निघालं एका मोबाइल दुकानाचं! क्यूआर स्कॅन केल्यावर येणारं नाव पाटीशी जुळत नसेल तर तिथेच थांबा. आणि जुने पार्ट काढताना समोर उभे राहा, घरी घेऊन या. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलीमीटर खेळ, म्हणजे मोकळी हालचाल आहे का, हे पट्टी लावून घरीच बघता येतं.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना फी नाही, मुदत दोन वर्षांची. अर्ज तयार आहे. विरुद्ध पक्ष म्हणून त्या मोबाइल दुकानाचंही नाव टाकलंय, बघू कोण कोणाला ओळखत नाही ते.