नकाशावरची नोंद आधी की रीलचं खातं? पेटीच्या दुकानातला अनुभव

गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी दुकानात आल्या. घरून भाजणी, मेतकूट आणि सणावाराला पुरणपोळ्या करून देतात. म्हणाल्या, "भाऊजी, मुलगी म्हणते रीलचं खातं उघड, हे म्हणतात गूगलवर नाव टाक. दोन्हीकडे बघायला मला वेळ नाही. आधी काय करू?"

हाच प्रश्न तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे होता. आम्ही दोन्ही केलं, दोन्ही अजून चालू आहे, आणि माझं मत आता एका बाजूला झुकलेलं आहे. ते सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, म्हणून आधी आमचा धंदा सांगतो.

बडोद्यात दांडिया बाजारातून सूरसागर तलावाकडे जाताना एका गल्लीत आमचं पेटी-तबला दुरुस्तीचं दुकान आहे. काका पेट्या उघडतात, सूर लावतात. मी गिऱ्हाईक, हिशेब आणि हे ऑनलाइनचं बघतो. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली सुरू केलेली गायनशाळा आज विद्यापीठाचा भाग होऊन सूरसागरच्या काठीच आहे, त्यामुळे शिकणारी मुलं पूर्वीपासून आमच्याकडे येतात. भजनी मंडळं येतात. पण शहर पसरलं. वाघोडिया रोडला किंवा गोत्रीला राहायला गेलेल्या माणसाला ही गल्ली ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याच्यापर्यंत पोचायचं कसं, हा आमचा खरा प्रश्न होता.

रील टाकायची ॲप्स दोन-तीन आहेत. त्यांचा स्वभाव साधारण सारखाच, म्हणून नावं घेत नाही. नकाशा म्हणजे मात्र गूगलचाच, कारण आमची गिऱ्हाइकं तोच उघडतात.

रीलचं आधी सांगतो, कारण त्यात आनंद फार मिळाला. पहिलं चांगलं चाललेलं रील काकांच्या हातांचं होतं. पितळी सूर, म्हणजे वाऱ्याने वाजणारी पातळ जीभ, फळीवरून सोडवून ते उजेडात धरतात, पातळ कानस घेतात. जिभेच्या टोकाशी दोन हात मारले की सूर चढतो, बुडाशी मारले की उतरतो. बस एवढंच, चाळीस सेकंद, मागे कसलंही गाणं नाही. लोकांनी ते आवडीने पाहिलं. सांगलीहून, धारवाडहून, नागपूरहून लिहिलं. एका मुलीने लिहिलं की तिचे आजोबा पालिताण्याचे सूर बसवायचे, ते आता नाहीत, हा आवाज ऐकून त्यांची आठवण झाली. काकांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. पन्नास वर्षं चार भिंतींत केलेलं काम कुणी असं पाहतं आहे, हे त्यांना नकाशाने कधीच दिलं नसतं. म्हणून रीलला मी कमी लेखत नाही.

पण त्या महिन्यात दुरुस्तीला पेट्या किती आल्या? नेहमीइतक्याच. पाहणारे लांबचे होते. नाशिकच्या एका गृहस्थांना पेटी कुरिअरने पाठवायची होती. त्यांना मीच नको म्हटलं, कारण बारा-पंधरा किलोची लाकडी पेटी वाटेत कुठे आपटली तर सुरांच्या फळीला तडा जातो, आणि मग मूळ दुखण्यापेक्षा ते काम मोठं होतं. जी वस्तू डब्यात भरून पाठवता येते, तिच्या बाबतीत हेच लांबचे लोक सोन्यासारखे आहेत. आमच्या कामाला ते नव्हते.

तरीही एवढ्यावरून मी बाजू ठरवली नसती. माझं मत ठरलं ते एका वेगळ्याच त्रासापायी, आणि तो त्रास आहे लिहून बोलण्याचा.

रीलवरून आलेलं गिऱ्हाईक लिहून विचारतं. "पेटी वाजत नाही, किती घ्याल?" आता पेटी वाजत नाही याची दहा कारणं असतात. भात्याची घडी फाटली असेल, स्टॉपरचं कातडं सुटलं असेल, पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी अडकली असेल, सुराखाली केसाएवढा कचरा असेल. उत्तर द्यायचं तर चार प्रश्न उलट विचारावे लागतात. तिकडे काकांचे हात सरसाने भरलेले आणि मी भाता धरून उभा. भात्याला कातडं चिकटवताना हात सोडून चालत नाही. हात धुऊन, पुसून, फोन उघडून मी विचारतो, "कुठली पट्टी?" त्याचं उत्तर दुपारी येतं. मी संध्याकाळी विचारतो, "भाता मारल्यावर फुस्स आवाज येतो का?" त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी कळतं की त्यांनी दुसरीकडे दाखवली. कारेलीबागेतल्या एका विद्यार्थिनीचा निरोप तर अनोळखी लोकांच्या वेगळ्या कप्प्यात पडून राहिला. मी तो नऊ दिवसांनी उघडला. तोवर तिची परीक्षा होऊन गेली होती. तिने साधंच लिहिलं होतं, "काका, वारा जातोय, शुक्रवारच्या आत होईल का?" दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. ते मला अजून लागतं. तो कप्पा रोज उघडून बघायला हवा हे आम्हाला माहीत नव्हतं.

नकाशावरून आलेला माणूस फोन करतो. फरक एवढाच, पण आमच्यासाठी सगळं त्यातच आलं. त्याला आत्ता, जवळपास, उघडं असलेलं दुकान हवं असतं, म्हणून तो नावाखालचं फोनचं बटण दाबतो. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवतो, हात कामातच राहतात. काका तिथूनच म्हणतात, "बाळा, फोन पेटीजवळ धर आणि सगळ्या पट्ट्या सोडून भाता मार." ते कान देऊन ऐकतात. वारा कुठून जातोय हे बऱ्याचदा त्यांना फोनवरच कळतं. "घडी फाटली आहे, घेऊन ये, संध्याकाळी मिळेल." दीड मिनिटात काम ठरतं. मी कधी तक्ता मांडून मोजलं नाही, पण वहीत प्रत्येक नव्या गिऱ्हाइकापुढे "कुठून कळलं" असं लिहितो. या वर्षीची पानं उलटली तर नकाशा, ओळखीतून, नकाशा, नकाशा असंच दिसतं.

नकाशाचेही ताप आहेत, ते लपवत नाही. पडताळणीला वेळ लागतो. आता बहुतेकांकडून सलग व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतली हत्यारं, आणि दुकान तुमच्याच ताब्यात आहे असं दाखवणारं काही. आम्ही गल्लीच्या तोंडापासून चालत आलो, कुलपाला किल्ली लावून शटर वर केलं आणि कानशींचा डबा दाखवला. पहिला व्हिडिओ अंधारामुळे नापास झाला, दुसरा सकाळी काढला. मग नकाशावरची खूण चुकली होती. ती मोठ्या रस्त्यावर पडली होती आणि आमचं दार गल्लीत, त्यामुळे लोक समोरच्या साडीच्या दुकानात विचारायचे. ती आपण स्वतः सरकवून बरोबर दारावर आणायची असते. शिवाय वेळ किंवा नंबर बदलण्याची सूचना कुणीही देऊ शकतं, म्हणून महिन्यातून एकदा स्वतःची नोंद परक्या माणसासारखी उघडून बघावी. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळं बडोदं गच्चीवर असतं, दिवाळीत पाडव्यापर्यंत आम्ही बंद असतो. या सुट्ट्या आधी टाकल्या नाहीत तर कुणीतरी मांजलपूरहून रिक्षा करून येतो आणि बंद शटर पाहून एक तारा देऊन जातो. आणि हो, "गूगलमधून बोलतोय, नोंद पक्की करायला पैसे भरा" असे फोन येतात. नोंद फुकट आहे. फोन ठेवून द्या.

वर दिसायचं कसं, याबद्दल लोक फार काही सांगतात. गूगल स्वतः तीन गोष्टी सांगतं: शोधलेल्याशी तुमचं किती जुळतं, तुम्ही किती जवळ आहात, आणि तुमचं नाव किती लोकांना माहीत आहे. जवळ असणं आपल्या हातात नाही. जुळणं आहे. इथे आम्हाला आपल्याच भाषेने अडवलं होतं. आपण घरात पेटी म्हणतो, मी सगळीकडे "पेटी दुरुस्ती" लिहिलं होतं. पण शोधणारा पेटी लिहीत नाही, कारण मग त्याला ट्रंका आणि सुटकेस दिसतात. तो हार्मोनियम लिहितो. गुजराती माणूसही हार्मोनियमच लिहितो. वर्णनात शब्द बदलला, सेवांमध्ये "भाता बदलणे", "सूर लावणे", "तबल्याला पुडी" असं वेगवेगळं लिहिलं आणि मग फोन वाढल्यासारखे वाटले. गावाच्या नावाचंही तसंच. सरकारदरबारी कधीचं वडोदरा झालं, तरी पुण्या-मुंबईचे पाहुणे अजून बडोदाच लिहितात. आम्ही वर्णनात दोन्ही नावं एकदा एकदा घातली. दुकानाच्या नावात मात्र पाटीवर नाही ते घालू नका, नोंद बंद पडू शकते.

नाव माहीत होण्याला हातभार लावतात ती लोकांची मतं. त्यासाठी सूट किंवा भेट देणं नियमात बसत नाही आणि त्याची गरजही पडत नाही. पेटी घेऊन जाताना गिऱ्हाईक एक सरगम वाजवून बघतं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर समाधान असतं. त्याच वेळी मी म्हणतो, "काय काम केलं तेवढं दोन ओळीत लिहाल का?" कुणी गुजरातीत लिहितं, कुणी मराठीत. "भाता बदलला, आता वारा जात नाही" ही एक ओळ पाच ताऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण पुढच्या माणसाचं दुखणं तेच असतं.

दोन्ही जागा दुसऱ्याच्या आहेत, हे विसरू नये. २९ जून २०२० ला आपल्या सरकारने टिकटॉकसह ५९ ॲप्स बंद केली आणि त्यावर लोक जमवलेल्यांचे लोक एका रात्रीत गेले. गूगलनेही नोंदीबरोबर मिळणाऱ्या फुकट वेबसाइटी मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, त्याच वर्षी जुलैअखेर नोंदीवरची चॅट काढली. म्हणून नवं गिऱ्हाईक आलं की आम्ही नंबर वहीत घेतो आणि आमचा त्यांच्या फोनमध्ये जतन करायला सांगतो. व्हॉट्सॲपची प्रसारण यादी नंबर जतन असलेल्यांनाच पोचते, एका यादीत २५६ जण. गणपतीच्या तीन आठवडे आधी एकच निरोप जातो: "भजनाची पेटी तपासून घ्या." त्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते. आपला म्हणावा असा लोकसमूह मला तिथे दिसतो.

रील आधी कुणी करावं? ज्याची वस्तू पाहून हवीशी वाटते आणि पाठवता येते त्याने. हाताने रंगवलेल्या साड्या, दागिने, रांगोळीचे साचे. या वस्तू गरज पडली म्हणून कुणी शोधत नाही, दिसल्या की माणूस थांबतो. तिथे माझं मत बाजूला ठेवा. पण शिलाई, दुरुस्ती, शिकवणी, डबा, दवाखाना, म्हणजे गावातल्या माणसाला ऐन वेळी लागणारं काही असेल, तर आधी नकाशा करावा असं मला वाटतं. रील सावकाश, जमेल तेव्हा. आमचं पंधरा दिवसांतून एक असतं आणि ते काकांना आवडतं म्हणून असतं.

वहिनींचं जरा दोन्हीकडे पाय असलेलं होतं. मेतकूट पाठवता येतं, पुरणपोळी गावातच खपते. घरी अनोळखी लोक यायला नकोत ही त्यांची काळजी होती. त्यासाठी पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात माल देता ते दाखवायची सोय आहे. आम्ही दुकानातच बसून मांडवी, रावपुरा, कारेलीबाग, अलकापुरी असे भाग भरले. "पुरणपोळी" लिहिलं, खाली "पुरणपोळी ऑर्डरवर, एक दिवस आधी सांगा" लिहिलं. नोंद सांभाळायचं जुनं वेगळं ॲप आता नाही, सगळं शोधात किंवा नकाशातच होतं, हे दाखवलं. पडताळणीच्या व्हिडिओत काय दाखवू म्हणाल्या. म्हटलं, पोळपाट, डब्यांवरची तुमची चिठ्ठी, अन्न परवान्याचा कागद.

होळीच्या आदल्या आठवड्यात त्यांना पहिला अनोळखी फोन आला, अकोट्याहून. वीस पोळ्या. त्यांचे हात पुरणात होते, फोन मुलीने उचलून त्यांच्या कानाला लावला.