फिंच घेण्याआधी भिंत मोजा: पिंजरा कोणता आणि सोबती कोण?

मागच्या आठवड्यात भाचीचा दारव्ह्याहून फोन आला. तिच्या पोरीनं आठवडी बाजारात फिंच, म्हणजे चिमणीसारखी छोटी, दाणे खाणारी पाखरं पाहिली आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. दुकानदार छताला टांगायच्या गोल पिंजऱ्यासकट चार पाखरं द्यायला तयार होता: दोन झेब्रा फिंच, दोन बजरी, म्हणजे छोटे पोपट. "मावशी, घेऊन टाकू का?" मी विचारलं, "पिंजरा लांबीला किती आहे?" ती म्हणाली, "चांगला उंच आहे, दीड हात." मी लांबी विचारली होती, तिनं उंची सांगितली. बहुतेक जण हेच करतात. आधी पाखरू आवडतं, मग दुकानात असेल तो पिंजरा घेतला जातो, आणि सोबतीचा विचार तर पाखरं भांडायला लागल्यावरच होतो. क्रम उलटा हवा. घरातली जागा मोजायची, त्यात किती लांब पिंजरा बसतो ते बघायचं, आणि मग त्यात कोण राहू शकेल ते ठरवायचं.

पोपट चोचीनं गज धरून वर चढतो, त्याला उंचीचा उपयोग होतो. फिंच चढत नाही, उडतो, आणि तेही आडवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यामुळे दोन फूट उंच आणि फूटभर रुंद पिंजऱ्यातली वरची सगळी जागा त्याच्यासाठी वाया जाते. गोल पिंजऱ्यात तर टोकच नसतं. माझी पहिली जोडी मी गोल पिंजऱ्यातच ठेवली होती. नर या काडीवरून त्या काडीवर, परत या काडीवर, दिवसभर हेच. पंख एकदाही पूर्ण उघडायचे नाहीत. महिन्याभरात त्याच्या शेपटीची टोकं गजांना घासून झाडूसारखी झाली. पाखराला घाबरल्यावर अंग चोरायला कोपरा लागतो, तोही गोल पिंजऱ्यात मिळत नाही. पिंजरा फुकट मिळत असेल तरी घेऊ नका.

गोल पिंजरा बाद झाला की खरी निवड दोनच गोष्टींत उरते: घरातला आयताकृती पिंजरा, नाही तर छपरीत जाळी मारून केलेलं दालन.

एका जोडीसाठी आयताकृती पिंजरा किमान अडीच फूट लांब आणि दीड फूट रुंद असावा, उंचीही तेवढीच पुरते. मी मात्र तीन फुटांच्या खाली जायला सांगत नाही, कारण दोन्ही टोकांना काड्या लावल्या की मध्ये उडायला उरतं ते दोन-सव्वादोन फूटच. तालुक्याच्या ठिकाणचा वेल्डिंगवाला माप दिलं की चार दिवसांत करून देतो. जाळी अर्धा इंची घ्या. नवी गॅल्व्हनाइज्ड जाळी असेल तर व्हिनेगर लावून ब्रशनं घासा, धुवा आणि उन्हात वाळवा, कारण वरचं जस्त चोचीत गेलं तर पाखराला विषबाधा होते. बसायला गुळगुळीत प्लास्टिकच्या दांड्यांऐवजी कडुनिंबाच्या काड्या लावा, काही करंगळीएवढ्या, काही त्याहून बारीक. जाडी बदलती राहिली की पायांना फोड येत नाहीत. दाण्याची वाटी मात्र काडीच्या खाली ठेवू नका, विष्ठा पडते.

छपरीतलं दालन म्हणजे साधारण सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि माणूस उभा राहील इतकं उंच. यात पाखरू खरंच उडतं. आमच्याकडे आता तेच आहे, आणि सकाळी दहाच्या सुमारास अख्खा थवा या टोकावरून त्या टोकाला सुटतो तेव्हा पंखांचा जो फर्र आवाज होतो, तो घरातल्या पिंजऱ्यात कधीच ऐकू आला नव्हता. पण खेड्यात दालनाला राखण लागते. पहिल्या वर्षी मी एक इंची जाळी मारली, स्वस्त पडली म्हणून. श्रावणात एका सकाळी पाहिलं तर आत तस्कर साप वेटोळं करून पडलेला, पोट फुगलेलं, दोन पाखरं नाहीत. आत येताना तो जाळीतून सहज आला, पोट भरल्यावर बाहेर निघता येईना. सर्पमित्रानं त्याला सोडवून नेलं. चूक माझ्या जाळीची होती. तेव्हापासून अर्धा इंची जाळी दुहेरी आहे आणि खाली दीड फूट विटांचं जोतं आहे. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरामागे साप, म्हणून फरशी रोज संध्याकाळी झाडावी लागते. मांजराला तर आत शिरायचीही गरज नाही. रात्री जाळीवर पंजा मारला की पाखरं अंधारात उधळतात आणि आपटून मरतात.

म्हणजे रोज संध्याकाळी झाडलोट करायला घरात कुणी नसेल, तर छपरी कितीही मोठी असली तरी पिंजरा आतल्या खोलीतच बरा.

आता सोबती. एक फिंच एकटा ठेवू नये. हा थव्यानं राहणारा पक्षी आहे, एकटा झुरतो. तीनही नको. दोघांची जोडी जमते आणि तिसऱ्याला दाण्यापाशी येऊ देत नाहीत. लहान जागेत दोन जोड्या हा प्रकार सगळ्यात फसवा आहे, कारण दिसायला तो नेमका वाटतो. झेब्राच्या दोन जोड्या मी एकदा अडीच फुटांत ठेवल्या. दोन आठवड्यांत एका मादीच्या मानेवर पीसच उरलं नाही, गुलाबी कातडी दिसायला लागली. वरची काडी एका जोडीची, खालची दुसरीची, आणि वर बसलेले खालच्यांना दिवसभर टोचणार. वेगळं केल्यावर पिसं परत आली. मोठ्या दालनात सहा-आठ असले की राग वाटला जातो, एकाच पाखरावर निघत नाही.

झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातला, वजनाला जेमतेम 12 ग्रॅम. आपल्या उन्हाळ्याच्या हिशेबानं हा त्यातल्या त्यात काटक. पाणी पिताना तो कबुतरासारखी चोच बुडवून ओढून घेतो, बाकी पाखरांसारखी दर घोटाला मान वर करत नाही. 2016 साली झालेल्या एका अभ्यासात दिसलं की हवा 26 अंशांच्या वर गेली की आईबाप अंड्यांपाशी एक वेगळा आवाज काढतात आणि तो ऐकलेली पिल्लं उकाड्यात लहान चणीची वाढतात. उकाड्याची वर्दी अंड्यातच मिळते. आणखी एक सोय म्हणजे नर-मादी लांबूनही ओळखता येतात. नराच्या गालावर नारिंगी ठिपका, छातीवर काळे-पांढरे पट्टे, बगलेत तांबड्यावर पांढरे ठिपके. मादी साधी राखाडी. दोष एकच, पण मोठा: घरट्यावरून भांडतो. घरट्यासाठी टांगलेलं स्वतःचं मडकं रिकामं असलं तरी दुसऱ्याचं बळकावतो.

बेंगालीज फिंच, ज्याला सोसायटी फिंचही म्हणतात, स्वभावानं अगदी उलट. हा पक्षी रानात कुठेच नाही. पांढऱ्या पाठीच्या मुनियापासून जपानमध्ये अठराव्या शतकापासून माणसानं जोपासत आणलेली ही जात आहे. भांडण याला माहीत नाही म्हटलं तरी चालेल. संध्याकाळी आमच्या दालनात चार मडकी रिकामी असतात आणि पाचही बेंगालीज एकाच मडक्यात घुसतात; तोंडाशी पाच चोची एकावर एक रचलेल्या दिसतात. दुसऱ्याची अंडी उबवून पिल्लं वाढवण्यासाठी पाळणारे यांनाच दाई म्हणून ठेवतात. अडचण ही की नर-मादी सारखेच दिसतात. गातो तो नर, मान फुगवून काडीवर उड्या मारत. मला एका विक्रेत्यानं "पक्की जोडी" म्हणून दोन नर दिले होते. दोघंही गायला लागल्यावर कळलं. घ्यायच्या आधी अर्धा तास पिंजऱ्यासमोर बसा, किमान एक गाताना दिसू द्या.

तेव्हा माझा कौल असा: एकच जोडी ठेवायची तर झेब्रा, थवा ठेवायचा तर बेंगालीज. दोन्ही एकत्र हवेत तर फक्त दालनात, जोड्यांपेक्षा मडकी दोन जास्त ठेवून आणि सगळी एकाच उंचीवर टांगून. एक मडकं वर असेल तर सगळे त्याच्यासाठीच भांडतील. माझ्या सहा-चारच्या दालनात आठ पाखरांच्या वर मी जात नाही. पिल्लं नकोच असतील तर झेब्राला मडकं देऊच नका. तो थांबत नाही, आणि एकामागून एक अंडी घालून मादी खंगते.

गोल्डियन फिंच दिसायला सगळ्यात देखणा आणि स्वभावानं शांत, पण थंडी आणि ओल त्याला सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा 10 च्या खाली उतरतो, तेव्हा उघड्या छपरीत त्याला ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. पहिल्यांदा पाळणाऱ्यानं घेऊ नये. जावा चिमणी झेब्राच्या दुप्पट वजनाची, चोच दणकट. तिला तिच्याच जातीची सोबत द्यावी. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटिस कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये ती आहे, त्यामुळे 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंद करावी लागते. दुकानदार हे सांगतोच असं नाही.

बजरी, ज्यांना आपल्याकडे सर्रास लव्हबर्ड म्हणतात, फिंचसोबत कधीही ठेवू नका. वजन तिपटीच्या घरात आणि चोच आकड्याची. भांडायचं नसलं तरी बजरी पाय धरते, आणि फिंचचा पाय काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक. माझ्याकडे असाच एका नराचा पाय गेला. तो नंतर तीन वर्षं एका पायावर जगला, पण काडीवर उतरताना दर वेळी पंख पसरून तोल सावरायचा. ते रोज बघावं लागलं म्हणून इतकं ठासून सांगते आहे.

आणि जी पाखरं बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतात, त्यांच्याबद्दल. लाल मुनिया, ठिपक्यांची मुनिया, पांढऱ्या कंठाची मुनिया ही आपल्या गवतातली, ज्वारीच्या धुऱ्यावरची पाखरं. कधी कधी हिरवा-पिवळा रंग फासूनही विकतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्यांना पकडणं, विकणं, पाळणं सगळं बंद आहे. कुणी विकताना दिसलं तर विकत घेऊन सोडवू नका, त्यानं पकडणाऱ्याचा धंदाच चालतो. वन विभागाला कळवा. जखमी पाखरू सापडलं तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे.

जागा ठरवताना मे महिना डोळ्यापुढे ठेवा. ऑक्टोबरात छान वाटणारी टिनाखालची भिंत मेमध्ये, पारा 45 च्या वर गेला की, भट्टी होते. कवेलूखालची उत्तरेकडची भिंत सगळ्यात चांगली. पाखरू चोच उघडी ठेवून पंख अंगापासून लांब धरून बसलं की त्याला ऊन लागतंय असं समजा. पिंजऱ्याच्या दोन बाजूंना ओलं बारदान लावा, दोन बाजू मोकळ्या ठेवा, आणि अंघोळीला मातीच्या परळात बोटभर पाणी द्या. कुलरच्या थेट झोतात पिंजरा ठेवू नका. ओलाव्यानं दाण्याला बुरशी लागते. चुलीचा धूर जिथे जातो तिथेही नको.

खाण्याचं जमणं सोपं आहे: राळा, बारीक बाजरी, थोडी भगर, कोवळी कोथिंबीर, समुद्रफेसाचा तुकडा. पण पेरणीतून उरलेलं बियाणं कधीही घालू नका, त्यावर औषध चोळलेलं असतं. कपाशीच्या शेतातलं किंवा धुऱ्यावरचं गवतही नको, फवारणीचे थेंब तिथवर उडतात. कोथिंबीर आम्ही परसातल्या डब्यात लावतो, ती फक्त पाखरांची.

भाचीनं परवा भिंत मोजून पाठवली. दार आणि खिडकीच्या मधली जागा, तीन फूट आठ इंच, उत्तरेची बाजू, वर कवेलू. छपरी मोठी आहे, पण कापूस वेचायच्या दिवसांत घरातलं माणूसन् माणूस शेतात असतं, संध्याकाळी दालन झाडायला कोण थांबणार? म्हणून तीन फुटी पिंजरा आणि झेब्राची एकच जोडी, एक नारिंगी गालाचा, एक राखाडी. बजरी नाही, गोल पिंजरा नाही. पिंजरा आधी करून घ्यायचा, आणि पाखरं दिवाळी झाल्यावर, थंडीचा कडाका पडायच्या आत आणायची. पोरीला तोवर दोन कामं दिली आहेत: निंबाच्या काड्या तोडून सावलीत वाळवायच्या, आणि डब्यात कोथिंबीर पेरायची.